फरीची दोरी

आमच्या अंजनगावच्या आखाड्यात एक रीत होती. फरी-गदग्याचा डाव सुरू होण्याआधी समोरच्याच्या हाताला चामड्याची ढाल, म्हणजे फरी, आपण बांधून द्यायची. मारायचं तर आधी माणसाचा हात हातात घ्यावा, असं आमचे खुशालराव उस्ताद म्हणत.

त्या नागपंचमीला माझा थोरला भाऊ चंद्रभान घरूनच फरी बांधून आला. मी दोरीला हात घातला, तर त्यानं हात मागे ओढला.

“तुह्या वयनीनं बांधली. राऊ दे.”

माझं टाळकंच फिरलं. कापूस पाठवा म्हणून विलायतेतून ओरड सुरू झाल्यापासून दादा अकोल्यात कापसाच्या गाठी दाबायच्या कारखान्यात होता. चार दिवसांपूर्वी परतला होता, आणि पावसाचा गारठा म्हणून सदा घोंगडीत गुरफटलेला असायचा. मला वाटलं, याला शहराचं वारं लागलं. धाकट्याचा हातही चालेनासा झाला.

उस्ताद थकले होते. जिंकेल त्याला आखाडा आणि आखाड्याचं चार एकर रान मिळणार होतं. घरची शेती मी वाहतच होतो, मला फक्त मान हवा होता. दादाला आखाडा कशाला हवा, हे मी विचारलंच नाही.

दादा मारायचा कमी, अडवायचा जास्त. फरीमागे दडला की ब्रह्मदेवालाही सापडायचा नाही. मोठा वार त्याच्यावर फुकट जातो, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. म्हणून मी मोठा वार केलाच नाही. गदग्याची काठी सरळ पुढे, फरीच्या काठावर एक बारीक टोचा, आणि मागे. पुन्हा टोचा. लोक हसले. अशा टोच्यानं कुणी पडत नाही, पण ढालीचा हात उतरू लागतो. विसाव्या टोच्याला फरी बोटभर खाली आली. चाळिसाव्याला दादाचे ओठ पांढरे पडले. मी रागात होतो, थांबलो नाही. शेवटी फरी छातीखाली गेली आणि मी त्याच्या खांद्यावर गदगा टेकवला.

उस्तादांनी त्याची फरी सोडली. आत रक्तानं भिजलेल्या चिंध्या होत्या. दोन बोटं नव्हती. ज्येष्ठात ती दाबाच्या फळीखाली गेली होती आणि कारखान्यानं त्याला घरचा रस्ता दाखवला होता. त्या हातानं ना गाठ दाबता येत होती, ना वखर धरता येत होता. रान वाट्यानं लावून जगायला त्याला आखाडा तेवढा उरला होता, आणि तो मी टोचून टोचून काढून घेतला.

“दादा, सांगतलं काहून नाई?”

“सांगतलं असतं तं तू मारलं असतं काय?”

“नाई.”

“मंग तो आखाडा माहा कसा झाला असता?”

मी रडलो. आखाडा तूच घे म्हणून त्याचे पाय धरले. त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि तो हात माझ्यापुढे केला.

“बांध. गच्च बांध.”

मी पटका फाडला आणि उरलेली तीन बोटं जपत पट्टी गुंडाळली. त्यानं या वेळी हात मागे ओढला नाही.