नाव नसलेला भाग

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो. आत्ता मी संगणकात नाही. मोलगीहून घाट उतरणाऱ्या जीपमध्ये, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, मी रामसिंगभाऊंच्या मांडीवर आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. मोलगीचं वाचनालय मात्र आठवतं. तिथे शाळेतल्या जोसेफ सरांनी माझे दोन भाग केले. पहिल्यात मुलांचे धडे आणि लोकांचे अर्ज होते. दुसऱ्यात वेगळी प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, घालून सरांनी गावातल्या जुन्या गायिका मंगळीबाईंची लग्नाची गाणी साठवली. मध्येच कोणी खोकलं की बाई गाणं थांबवून डाफरायच्या. तेही माझ्यात उतरलं.

माझ्या सुरुवातीला एक छोटा नकाशा असतो. कोणता भाग कुठून कुठपर्यंत, एवढंच त्यात लिहिलेलं. त्याला पार्टिशन टेबल म्हणतात.

पुढे सरांची खांडबाऱ्याला बदली झाली. मंगळीबाई वारल्या. मी रखडते म्हणून सगळे कुरकुरू लागले. वाचनालय सांभाळणाऱ्या जागृतीताईने नवी प्रणाली घालायचं ठरवलं. ती निष्काळजी नव्हती. जेवढं दिसत होतं तेवढं तिने आधी दुसरीकडे उतरवून घेतलं. पण पहिल्या भागातल्या जुन्या प्रणालीला माझा दुसरा भाग दिसतच नव्हता. नवी घालताना तो दिसला, तोही नावाशिवाय. ताईला वाटलं, जागा रिकामी आहे. नवा नकाशा लिहायचा का, असं पडद्याने विचारलं. तोवर काहीच बिघडलं नव्हतं. वीज जायची वेळ झाली होती. तिने 'हो' दाबलं, आणि नवी प्रणाली माझ्यावर उतरू लागली.

तेवढ्यात मंगळीबाईंचे चिरंजीव रामसिंगभाऊ आले. ऊसतोडीहून नुकतेच परतले होते. मुलीच्या लग्नात आजीचा आवाज हवा, म्हणून गाणी मागू लागले. उतरवलेल्यात ती कुठेच नव्हती. मग ताईला सगळं उमगलं. तिने लपवलं नाही. त्या भागाला नाव नव्हतं, तो रिकामा वाटला, असं सांगितलं.

भाऊ म्हणाले,

"आम्ही उसाला गेलो की होळीपर्यंत घर बंदच असतं, ताई. बंद दिसलं म्हणून कोणी पाडतं का?"

ताईने वायर उपटली आणि सरांना फोन लावला.

"पुन्हा चालू करू नको," सर म्हणाले. "आता त्यावर एक अक्षरही लिहायचं नाही. गाणी डिस्कच्या शेवटाकडे आहेत. तशीच घेऊन या."

नकाशा गेला तरी आतलं लगेच जात नाही, मित्रांनो. पण नवी प्रणाली कुठवर पोचली होती, ते मलाही कळलेलं नाही. बाईंचा आवाज उरला आहे की नाही, मी सांगू शकत नाही.

म्हणून विनवते, ते बटण दाबण्याआधी थांबा. नाव नसलेला भाग दिसला तर तो कोणाचा, हे विचारा. विचारायला माणूस होता. खांडबाऱ्याला फोन लागत होता.

अक्कलकुव्याच्या अलीकडे जीप थांबली. भाऊंनी कापड उलगडून मला कानाशी धरलं. विजेशिवाय मी मुकी असते, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी जीप पुन्हा सुरू होईपर्यंत त्यांनी मला खाली ठेवलं नाही.