कपिलीच्या घंटीतली चिंधी

राजुऱ्यात अश्वजितची खोली कोळशाच्या रस्त्याले इतकी चिपकून होती, का डम्पर गेला म्हणजे ताटातल्या वरणाले लाटा येत. रोशनीनं लग्न झाल्यापासून ताक कधी घुसळलं नाई. दह्याचं मडकं खुंटीले टांगायचं, चार गाड्या जाऊ द्यायच्या, अन् वरचं लोणी काढून घ्यायचं. शेजारच्या बुढ्याची दुखरी दाढ होती ना, ती बी एका डम्परानंच पाडली. दवाखान्यात जायचं काम पडलं नाई.

उत्पला जन्मली ती त्याच खोलीत. अश्वजितची पोट्टी. वजनानं पिशवीभर, पण बापाच्या डोक्यात तिच्याशिवाय दुसरं काई मावत नव्हतं. दिवसभर तो तिच्या तोंडाकडे पाहे अन् म्हणे, "रोशनी, हे हसली वं!" रोशनी म्हणे, "हसली नाई जी, पोटात गॅस हाय तिच्या."

पोट्टी मांडीएवढी झाली, अन् अश्वजितले पक्की नोकरी लागली. गुरांच्या दवाखान्यात, पण कुठी? गडचिरोलीच्या पार आत, बोदलटोल्याले. जिथी रस्ता स्वतःच विचार करते, पुढं जाऊ का वापस फिरू.

पण अश्वजितच्या अंगात आनंद मावत नव्हता. टेम्पोत पाळणा चढवला, कुलर चढवला, तवा, खाट, झाडू, बाबासाहेबांचा फोटो चादरीत गुंडाळून सगळ्यात वर. पोट्टीच्या कानात सांगून राह्यला, "उत्पले, तिथी मोर हाय. तिथी धूळ नाई, गाडी नाई, कल्ला नाई. तू अशी झोपशीन, अशी झोपशीन, का मीच घोरून उठवीन तुले."

त्याची सासू कांताबाई टेम्पोसमोर कमरेवर हात ठेवून उभी राह्यली.

"जवाईबापू, जंगलात नेऊन राह्यले ना माझ्या नातीले? न्या. पण तिथी रमली नाई, तं येत्या रविवारी रोशनीच्या भावाले, कुलदीपले, गाडी देऊन पाठवते. रोशनी अन् पोट्टी वापस राजुऱ्याले. तुमी राहा मंग आपल्या गाईंसंगं."

"मामीजी, पाठवाच कुलदीपले," अश्वजित छाती फुगवून बोलला. "जेवाले पाठवा. न्याले नोको."

बोदलटोल्यात त्यांले सुगंधाबाईच्या आंगणातल्या दोन खोल्या भेटल्या. सुगंधाबाई म्हणजे धानाची शेतीवाली बाई, आवाज असा का बांधावरून बोलली तं शेजारच्या गावचे बैल थांबत. पण गाव मात्र शांत. मोहाचं एक फूल जमिनीवर पडे, तं कुत्रं दचकून उठे अन् विचारात पडे का भुकू का नोको.

अश्वजितनं पाळणा बांधला, उत्पलाले टाकलं, अन् हळूच झोका दिला. पोट्टीनं डोळे उघडले. इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं. कान लावला. अन् मंग जो गळा काढला बाप्पा! घराची कौलं सरकली. पलीकडच्या जंगलात एक वाघ शिकारीले निघाला होता, तो म्हणे जागीच बसला अन् पंज्यानं कान झाकले.

असं एक दिवस नाई, रोज. झोप लागे ती चिमणीएवढी, मंग पुन्हा सुरू.

अश्वजितनं डोकं लावलं. नवी जागा हाय, गावात कोंबडा आरवते, गाईच्या गळ्यातल्या लाकडी घंट्या वाजते, तिकडे घडीभर लच्छूची धानाची गिरणी चालते. या आवाजानंच पोट्टीची झोप मोडत असन. बापाचं डोकं ते. गाईच्या पोटातलं वासरू कसं हाय ते हात लावून सांगे, पण आपलं वासरू काऊन हंबरते, ते समजे नाई.

त्यानं संकोचत सुगंधाबाईले सांगितलं, "बाई, थोडं शांत राह्यलं तं..."

"एवढंच का जी डॉक्टर?" सुगंधाबाई बोलली. "तुमी आमच्या गाई पाहाले आले. तुमची पोट्टी ते आमची पोट्टी. आजपासून गाव चूप."

अन् गाव चूप झालं! लच्छूनं गिरणीचा पट्टा काढून खुंटीले टांगला. कोंबडे टोपलीखाली गेले. अश्वजितनं आपली जुनी लुंगी फाडली, तिच्या चिंध्या केल्या, अन् एकेका गाईच्या घंटीत कोंबल्या. पोट्टे खुसपुसत क्रिकेट खेळले. आउट झाला का नाई, ते बोटानं सांगत. दोघी जावांचं तं हातवाऱ्यांनी भांडण झालं. एकीले दुसरीचं काईच समजलं नाई, म्हणून तिनं माफी मागून टाकली. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं म्हणते.

पण गाव जितकं चूप, उत्पला तितकी जोरात.

रोशनीची कपड्यांची बॅग खाटेवर तशीच पडून होती. रोज ती चैन उघडे, दोन झबले काढे, अन् चैन लावून टाके. अश्वजित त्या बॅगेकडे पाहे अन् तोंड फिरवून घेई. उत्पलाले खांद्यावर घेऊन तो आंगणात फेऱ्या मारे. रडून रडून लाल झालेलं ते एवढंसं तोंड त्याच्या गळ्याले घासे, अन् त्याले वाटे, इच्यापासून दूर मी नोकरी करीन कसा? रविवारी रविवारी पावण्यासारखा जाईन, अन् हे मले पाहून दुसऱ्याच्या खांद्यावर तोंड लपवन.

"ऐकता का जी?" रोशनी बोलली.

"हं."

"आईचा फोन होता. मी म्हटलं, पोट्टी मस्त हाय. तितक्यात इनं असा सूर लावला, का आईले फोनची गरजच नसन पडली."

"मंग?"

"मंग काय! कुलदीपनं गाडी धुवून ठेवली म्हणे."

शनिवारी सकाळी सुगंधाबाई दारात आली. "डॉक्टर, माझी कपिली गाय घरी नाई आली. घंटी वाजत नाई, तं जंगलात पाहू कुठी? तुमच्याच लुंगीचा तुकडा हाय तिच्या गळ्यात."

अश्वजित लाजून लाल झाला. गुरांचा माणूस अन् गुरंच हरवून बसला! रोशनी रात्रभर जागलेली, आता कुठी डोळा लागला होता. म्हणून त्यानं रडती उत्पला दुपट्ट्यानं छातीशी बांधली अन् निघाला सुगंधाबाईच्या मागं. नाला पाह्यला, मोहाखाली पाह्यलं. शेवटी कपिली सापडली कुठी? लच्छूच्या गिरणीत! बंद गिरणीत शिरून कोंडा खात होती. इतका खाल्ला होता, का दारातून आत गेली ती गाय, अन् बाहेर काढाले गेले तं म्हैस.

लच्छू कपाळाले हात लावून उभा होता. बाहेर बाया धानाचे पोते घेऊन बसल्या होत्या, बिना आवाजाच्या.

"डॉक्टर, गावातले तांदूळ खतम झाले जी," लच्छू कानाजवळ येऊन बोलला. "चूल पेटते, पण टाकू काय तिच्यात? थोडीशी लावू द्या."

"लाव बाप्पा," अश्वजित थकून बोलला. "हे तशीबी रडूनच राह्यली."

लच्छूनं पट्टा चढवला, खटका दाबला. घर्रर्रर्र! जमीन थरथरली, पत्रे खडखडले, कोंड्याचा धुरळा उडाला. उत्पलाचं तोंड रडता रडता उघडंच राह्यलं. डोळे मोठे झाले. मंग तोंड मिटलं, पापणी लवली, अन् पोट्टीनं बापाच्या छातीवर मान टाकली.

झोपली. घोरली सुद्धा.

अश्वजित हलला नाई. धानाच्या पोत्यावर तसाच बसून राह्यला. छातीवर तो गरम श्वास, अन् खालून ती थरथर. ही थरथर त्याच्या ओळखीची होती. वरणातल्या लाटांची.

सुगंधाबाई पळत जाऊन रोशनीले घेऊन आली. रोशनीनं दारातूनच पाह्यलं अन् तोंडावर हात ठेवला.

"डम्पर!" ती ओरडली. "अवो, इले डम्पर पायजे होता!"

"सगळं आणलं ना मी टेम्पोत," अश्वजित गिरणीच्या आवाजावरून ओरडला. "झाडू आणला! अन् पोट्टीचं जे होतं तेच मागं ठेवून आलो!"

दोघं कोंड्यानं पांढरे होईपर्यंत हसले.

रविवारी कुलदीप आला, अन् नेमकी तेव्हाच लाईन गेली. सकाळपासून पोट्टीसाठी चालू ठेवलेली गिरणी बंद. उत्पलानं पाळण्यात चुळबुळ केली, ओठ काढला, अन् सुरू झाली. कुलदीपनं भाचीकडे पाह्यलं, मंग भाटव्याकडे, अश्वजितकडे, अन् सरळ खाटेवरची बॅग उचलली.

"थांब बे!" अश्वजित बोलला. त्यानं पोट्टीले उचललं, अन् भर आंगणात, गावासमोर, गाल फुगवून सुरू झाला, "घर्रर्रर्र! घर्रर्रर्र!" गेअर बदलले, घाट चढला. उत्पला थांबली, पाहाले लागली. पण बापाचा दम पुरे नाई. श्वास घ्याले थांबला का तिचा ओठ बाहेर.

सुगंधाबाईनं पाह्यलं. सरळ गोठ्यात गेली अन् कपिलीच्या घंटीतली चिंधी ओढून काढली. "अवो बायांनो! चूप काऊन बसल्या?" तिची ती हाक बांधावरची. "वाजवा!"

मंग काय! घंट्यांतल्या चिंध्या निघाल्या, टोपल्या उलट्या झाल्या, कोंबड्यांनी इतक्या दिवसांचं साचलेलं एकदम आरवून घेतलं. लच्छूनं पत्रा बडवला. त्या दोघी जावा उरलेलं भांडण तोंडानं भांडल्या. अन् मधात, बापाच्या खांद्यावर, उत्पला गाढ झोपली.

कुलदीप कानात बोटं घालून उभा. खिशात फोन थरथरला, कांताबाईचा.

"काय रे हा कल्ला?" ती तिकडून बोलली. "अशा आवाजात लेकरू झोपन कसं? हळू बोलाले सांग त्यायले!"

"हळू नोको आई!" कुलदीप जीव खाऊन ओरडला. "तू बी जोरात बोल! हळू बोलली तं उठन ते!"

रोशनीनं त्याच्या हातातली बॅग घेतली, आत नेली, अन् खाटेवर पूर्ण उलटी केली. मंग बाहेर येऊन घंट्यांतल्या चिंध्या गोळा केल्या. लुंगीचं कापड जुनं, नरम. धुतलं तं पोट्टीच्या लंगोटीले चांगलं होतं.