लाल चिंधीपलीकडची तूर

थांबा, जाऊ नका! मी खेमसिंगचा फवारणीचा पंप बोलतोय. दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरचा. बांधावर बाभळीखाली उभा आहे, अर्धा भरलेला.

जन्म कारखान्यातला. प्लास्टिकचं अंग, पाठीला दोन पट्टे, खाली बॅटरी. जीपच्या टपावर बांधून खेमसिंगनं घरी आणलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, जमनाबाईनं, मला कुंकू लावलं. आता बोला! विष वाहणाऱ्याला कुंकू! पण मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तीन वर्षं अळीचं औषध वाहिलं. खेमसिंगची खोड अशी की नोझल तुंबलं की तोंडानं फुंकायचं. अरे बाप्पा, एखादी काडी घे! पण माझं ऐकतो कोण?

यंदा तुरीनं घोटाळा केला. खालच्या शेंगा वाळल्या, शेंड्याच्या हिरव्याच. कापायला माणसं मिळेनात. हार्वेस्टर चार दिवसांनी येणार, आणि ओल्या झाडांत ते अडकतं. कोणीतरी खेमसिंगला सांगितलं, तण जाळायचं औषध मार, सारं वावर एका दमात वाळते. आज सकाळी त्यानं ते आणलं आणि घरी न सांगता माझ्यात ओतलं. बाटलीवर तणाची नावं होती, तुरीचं नव्हतं.

मारण्याआधी त्यानं बांधालगतच्या चार तासांना, म्हणजे तुरीच्या ओळींना, लाल चिंधी बांधली. "हे घरच्या खाण्यासाठी," स्वतःशीच म्हणाला. उरलेल्यातलं अर्धं वावर मारून झाल्यावर मला खाली ठेवून तो विहिरीवर गेला.

तेवढ्यात गावातली सत्यशीलाताई आली. तिची लेक रुपाली बाळंतपणाला माहेरी आलीय, आठवा महिना. तिला ओल्या शेंगा उकडून खाव्याशा वाटतात. कालच जमनाबाई म्हणाली होती, "विचारता कायले वं? न्या तोडून." आमच्याकडे ओल्या शेंगांना कोणी नाही म्हणत नाही.

ती चार तासांपाशी वाकली आणि चिंधी पाहून हात मागे घेतला. तांड्यावरच्या देवीच्या ओट्यावर लाल फडकं असतं, हे तिनं पाहिलेलं. "देवीसाठी राखलं दिसते," पुटपुटली, आणि चिंधी ओलांडून पलीकडच्या ओळीत शिरली. दुसऱ्याच्या देवाचा मान राखायला गेली बाई, आणि तिथंच चुकली.

अहो ताई, तिकडे नको! पण झाडं अजून हिरवीगार, तिला काय कळणार? ओटी भरत चालली. मी करून करून काय करणार? माझा वायसर गळका, तो तेवढा टिपटिप गळला. तिनं लक्षही दिलं नाही. एक शेंग सोलली, दाणे तोंडाकडे नेले.

"ताई! खाऊ नका!"

खेमसिंग पाण्याची बादली घेऊन धावतच आला. तिची ओटी रिकामी करायला लावली, हातांवर पाणी ओतलं. "औषध मारून राह्यलो ना मी. तूर वाळवाचं औषध."

"मंग चिंधी?"

"ते घरच्यासाठी ठेवलं. तिथं नाही मारलं."

सत्यशीलाताई रागावली असती तर बरं झालं असतं. ती हात धूत राहिली, पुन्हा पुन्हा. मग वावराकडे पाहून म्हणाली, "चिंधीतलं तुमच्या लेकरांचं, भाऊ. मंग बाकीची दाळ कोणाच्या लेकराले जाईन?"

चार तासांतल्या शेंगा तोडून खेमसिंगनं आपल्या दुपट्ट्यात बांधून दिल्या. ती गेली. तो माझ्याशेजारी बसून राहिला. हार्वेस्टरवाल्याचा फोन दोनदा वाजला, त्यानं उचलला नाही. मी आतून तळमळतोय. खेमसिंग, बाबा, काहीतरी ठरव! मला पुन्हा पाठीवर नको घेऊ, पण माझ्यातलं औषध नाल्यातही नको ओतू, खाली बैल पाणी पितात.

शेवटी तो उठला. तासांची चिंधी सोडली आणि मला कोणी हात लावू नये म्हणून माझ्या पट्ट्याला बांधली. "उरलेलं विळ्यानं कापतो," म्हणाला आणि घराकडे निघाला.

मारलेलं अर्धं वावर मात्र उभं आहे. तेवढ्याला चिंधी कुठून पुरणार? तुम्ही या वाटेनं आलात तर हात लावू नका हो. आज मी इथं आहे, सांगतोय तरी. चार दिवसांनी हीच तूर पोत्यात भरून बाजारात जाईल, आणि तिथं सांगायला मी नसेन.