सासऱ्यांचं ‘चालेल’

धाकटी जाऊ ट्रे घेऊन वरच्या मजल्यावरून उतरायला लागली की थोरलीच्या शिवणयंत्राची सुई आपोआप थांबायची. आधी वास यायचा, चॉकलेटचा, आणि त्याच्या मागोमाग संत्र्याच्या सालीचा. मग धाकटी यायची. कपावर फेटलेल्या क्रीमचा हा एवढा डोंगर, त्यावर किसलेली साल, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू आपण काही केलंच नाही.

सासरे खिडकीपाशी त्यांच्या घड्याळांच्या टेबलावर बसलेले असायचे. दुकान कधीच बंद केलं होतं, पण ओळखीचे लोक अजून घड्याळं आणून द्यायचे. ते डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवायचे, कप चारी बाजूंनी न्याहाळायचे आणि म्हणायचे, “वा! काय सुंदर!”

झालं. इकडे थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या आणि पडद्याची चुणी वाकडी जायची. ती पडदे शिवायची आणि तिची चुणी एरवी कधी वाकडी गेली नव्हती.

या माणसाला दोन्ही वेळचं जेवण इतकी वर्षं तिने घातलं होतं आणि त्यावर त्यांचा अभिप्राय एकच, “चालेल.” भाजी कशी झालीय? चालेल. खोलीला नवा पडदा लावलाय, बघा तरी. चालेल. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा तिने त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. डॉक्टरांनी तोंड भरून कौतुक केलं. सासरे दारात उभे होते. बघितलं आणि म्हणाले, “चालेल.” आणि सगळ्यात पहिलं ‘चालेल’ तर तिच्या स्वतःच्या वाट्याला आलेलं. लग्नाआधी नवऱ्याने तिला घरी आणलं, तेव्हा चहाचा घोट घेता घेता त्यांनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि मुलाला म्हणाले, “चालेल.” हिशेब कच्चा ठेवणाऱ्यांतली ती नव्हती. ते पहिलं ‘चालेल’ तिने मनाशी गाठ मारून जपून ठेवलं होतं.

नवऱ्याकडे गाऱ्हाणं नेलं तर तो म्हणाला, नाही चालणार असं म्हणाले का? मग झालं तर. बाप तसा बेटा.

धाकटी घरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. नव्याचे नऊ दिवस, असं थोरलीने आधी स्वतःला समजावलं. पण नऊ दिवस कधीच उलटले आणि ‘वा, काय सुंदर’ काही थांबेना. वर आणखी कप विसळायला थोरलीकडेच राहायचा. त्यात अर्धंअधिक चॉकलेट तसंच असायचं. संपवायला मन होत नाही म्हाताऱ्याचं, असं वाटून ती ते मोरीत ओतून द्यायची आणि नळ जरा जास्तच जोरात सोडायची.

शेवटी एका रविवारी तिने ठरवलं, आपण काही हातावर हात ठेवून बसायचं नाही. काळ्या चॉकलेटची लादी सुरीने बारीक चिरली. घट्ट दूध मंद आचेवर ठेवून त्यात ते चमचा चमचा विरघळवलं, तळाला लागू नये म्हणून एकसारखं ढवळत राहिली. साखर बेताची, कारण सासऱ्यांना गोड सोसत नाही, आणि मिठाची एक चिमूट, कारण मिठाशिवाय कशालाच चव नाही असं तिचं मत होतं. मग क्रीमचं भांडं बर्फात ठेवलं. धाकटीची संत्र्याची साल तर आपली दालचिनी आणि कॉफी. बघूच.

क्रीम छान फुगायला लागलं होतं. तेवढ्यात वरून हसण्याचा आवाज आला. सासरे वर गेले होते, धाकटीचं भिंतीवरचं घड्याळ बघायला. इतकं हसण्यासारखं त्या घड्याळात काय होतं कोण जाणे. थोरलीचे कान वर आणि हात भांड्यात. वर हसणं वाढलं तसा खाली हाताचा वेग वाढला. भानावर येऊन बघते तो भांड्यात पाणी सुटलेलं आणि मधोमध दालचिनीच्या रंगाचा लोण्याचा गोळा. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

सासरे खाली आल्यावर तिने बोडकं चॉकलेटच पुढे ठेवलं. त्यांनी सावकाश, तळापर्यंत प्यायलं.

“चालेल,” ते म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. तिने लोणी फ्रिजमध्ये ढकललं आणि फ्रिजचं दार आपटलं.

त्याच आठवड्यात बेकरीवाली बाई दोन घड्याळं घेऊन आली. एक तिच्या आईचं टेबलावरचं, चिनीमातीची फुलं आणि सोनेरी पाय असलेलं. दुसरं तिचं रोजचं मनगटी, पट्ट्यात पीठ अडकलेलं. थोरली तिथेच जमिनीवर बसून पडद्याला अस्तर टाचत होती.

सासऱ्यांनी फुलांचं घड्याळ हातात घेतलं, चारी बाजूंनी न्याहाळलं. “वा! काय सुंदर!” आणि न उघडताच परत दिलं. “कपाटावर ठेवा.”

मग मनगटी उघडलं. बराच वेळ आत काहीबाही केलं, झाकण लावलं, कानाशी धरलं, डोळे मिटले.

“चालेल.”

बेकरीवालीचा चेहरा असा उजळला की थोरलीला नवल वाटलं. ती म्हणाली, “तुमच्या सासऱ्यांचं एवढं एक ‘चालेल’ ऐकायला मी गावाच्या दुसऱ्या टोकाहून येते. त्यांनी म्हटलं की मग ते घड्याळ मरेपर्यंत दगा देत नाही. आणि सुंदर म्हणाले की समजायचं, गेलं ते शोभेत.”

थोरलीची सुई अस्तरात तशीच राहिली. भाजी, पडदा, सासूबाईंची पाठ, आणि तो पहिला चहा. गाठ सुटायला लागली आणि तिला एकाच वेळी हसू आणि रडू यायला लागलं. एवढी वर्षं हा माणूस बक्षीस देत होता आणि ती ते टोमणा समजून घेत होती.

पुढच्या रविवारी ‘वा, काय सुंदर’ झालं तेव्हा ती खुशाल शिवत राहिली. चुणी सरळ आली.

धाकटी मात्र ट्रे ठेवून घुटमळली. आज थंडी आहे, दूध महाग झालंय, असं इकडचं तिकडचं बोलली. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची तऱ्हा थोरलीला नवी नव्हती. शेवटी धाकटी हळू आवाजात म्हणाली, “ताई, माझं अर्धं टाकतात हो ते. मी बघते ना रोज जिन्यातून. तुमचा कप रिकामा होता. काय घालता तुम्ही?”

म्हणजे ही पण जिन्यात उभी राहून जळत होती तर. थोरलीला इतकं बरं वाटलं की तिने साखर कमी कर, मीठ चिमूटभर घाल, हे सगळं सांगून टाकलं. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला काय लागतं?

धाकटीने तसंच केलं. क्रीमही या वेळी कमी, नुसतं तरंगेल इतकं. सासऱ्यांनी कप न्याहाळला नाही. तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. मिशीवरचं क्रीम पुसलं.

“चालेल.”

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. ती कप उचलून थोरलीच्या स्वयंपाकघरात आली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. “आता सुंदरसुद्धा नाही म्हणाले,” एवढंच बोलली आणि नाक ओढलं.

थोरलीने तिच्याकडे बघितलं. आपल्याला जे कळायला जन्म गेला ते हिला वर्षभरात मिळालं होतं, तेही आपल्याच चिमूटभर मिठावर. नाकाला पुन्हा त्याच जुन्या मिरच्या झोंबल्या. एका वाक्याचं तर काम होतं, ते जिभेवर येऊन बसलंही होतं.

तिने सांगितलं. पण सगळे कप विसळून, पुसून, फडताळात पालथे घालून झाल्यावर.