गाडी बघणारी माणसं

दिवाळीला डेअरीचा फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावरची वाढीव रक्कम, हातात आला आणि मंगलच्या घरात कुरबूर सुरू झाली. वर्षभर म्हशींच्या धारा तिनंच काढलेल्या, दूध तिनंच घातलेलं, तेव्हा पैसे तिचे यावर कुणाचं दुमत नव्हतं. ते कुठं घालायचे यावर मात्र मायलेकांचं जमेना. ओतूरच्या अलीकडं त्यांचा मळा. त्या वर्षी टोमॅटोनं पार तोंडघशी पाडलेलं, कांदा चाळीतच सडलेला, आणि परतीच्या पावसातल्या वाऱ्यानं सार्थकच्या रोपवाटिकेवरचं नेट फाडून चिंध्या केलेल्या. घरात रोख म्हणावं असं तेवढंच होतं.

सार्थक म्हणायचा, आधी नेट. रोपवाटिका ही त्याची स्वतःची मेहनत. उन्हाळी टोमॅटोची रोपं लोकांनी आत्तापासूनच सांगून ठेवली होती, आणि नेटशिवाय रोपं धरणं म्हणजे कोंबडीची पिल्लं उघड्यावर सोडण्यासारखं होतं.

मंगल म्हणायची, आधी गाडी.

गाडी घेतली तेव्हाच दुसऱ्यानं वापरून टाकलेली होती. आता तर तिचा मूळचा रंग कोणता यावर पैज लावता आली असती. सीटची कव्हरं उसवलेली, टेप कधीचा मुका झालेला, एका दाराची काच हातानं वर ढकलायला लागायची. पण रोपांचे ट्रे असोत की पेंडीची पोती, ती बिचारी कुरकुर न करता वाहायची. सार्थकला तिच्याकडून आणखी काही नको होतं.

"आई, गाडी आपल्याला नेती-आनती. अजून काय पायजे?"

"तुला बायको पायजे," मंगल म्हणायची, आणि तिथं सार्थकचं बोलणं खुंटायचं.

खुंटणारच. पोरगा तिशी ओलांडून गेला होता. देखणा, निर्व्यसनी, हाताला काम. पण शेती करतो म्हटलं की पोरीकडची माणसं चहा अर्धा ठेवून उठायची. रामनाथ, मंगलचा नवरा, या विषयावर तोंडच उघडायचा नाही, गोठ्यात जाऊन बसायचा. काळजी सगळी मंगलच्या वाट्याला आलेली.

अशात धर्माजीनं स्थळ आणलं. धर्माजी म्हणजे त्या भागात लग्नं जुळवणारा माणूस. जिथं जाईल तिथं चहा आणि सल्ला दोन्ही भरपूर. मुलगी महाळुंगे पडवळची, श्रेया नाव, शिकलेली, बापाच्या बरोबरीनं शेती बघणारी. बाप भगवंत, सरळ माणूस. रविवारी ते लेण्याद्रीला दर्शनाला येणार आणि 'जाता जाता' मळ्यावर डोकावणार, असं ठरलं. घर बघायला आलो असं तोंडानं कुणी म्हणायचं नाही. जुळलं तर गणपतीची कृपा, नाही जुळलं तर दर्शन तर झालं. कुणाचीच मान खाली जात नाही.

"पन वहिनी, एक सांगून ठेवतो," धर्माजी आवाज खाली करून म्हणाला. "ती मानसं आधी गाडी बघत्यात, मंग घर. नवी कव्हरं टाका, मोठ्या स्क्रीनचा टेप बसवा, चाकं चकाचक करा. आळेफाट्याला आपल्या भाच्याचं दुकान हाय. गुरुवारी गाडी लावा, रविवारच्या आत नवरीसारखी सजवून देतो."

झालं. मंगलनं निर्णय घेतला.

गुरुवारी सार्थकनं तिला आळेफाट्याला आणलं, गाडी दुकानात लावली आणि वाद न घालता म्हणाला, "तुझं हुईस्तोवर मी नेटचा नुसता भाव काढून येतो." तो असा निमूट गेला की मंगलला तो भांडला असता तर बरं, असं वाटून गेलं. दुकानातल्या कामगारानं जुनी कव्हरं ओढून काढली. ती इतकी विरलेली की काढता काढताच त्यांचं फडकं झालं, आणि खालचा पिवळा स्पंज उघडा पडला.

मंगल प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. खरं सांगायचं तर तिला तिथं छान वाटत होतं. भिंतीवर टांगलेली चाकं, लाल टाक्याची काळी कव्हरं, बोट लावलं की उजळणारे टेपचे स्क्रीन. आयुष्यभर शेणामातीत हात घातलेल्या बाईला चकाकीची हौस नसते असं कोण म्हणतं? अशा कव्हरावर आपली सून बसलीय, हे चित्रसुद्धा तिनं मनात रंगवून टाकलं.

तेवढ्यात बाहेर आणखी एक गाडी येऊन थांबली. ही मंगलच्या गाडीची थोरली बहीण शोभेल अशी. चालवत होती एक मुलगी. ओढणी कमरेला गच्च बांधलेली, पायात साध्या चपला. शेजारून एक टोपीवाला माणूस उतरला. मंगलनं मुलीकडं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं आणि पदर पुढं ओढला. धर्माजीनं दाखवलेल्या फोटोत ही साडीत होती, केसांत गजरा होता, पण हनुवटी तीच, डोळे तेच. श्रेया! आणि टोपीवाला म्हणजे भगवंत.

दोघं तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन उभे राहिले. मंगलला ते ओळखत नव्हते; तिचा फोटो कोण कशाला दाखवील? भगवंतनं सरळ त्या लाल टाक्याच्या कव्हरावर बोट ठेवलं.

"हे घालू. आन तो मोठा टेप. धर्माजीनं सांगितलंय तसंच सगळं."

"आप्पा, महाग हाय."

"आसू दे. धर्माजी काय म्हनाला, इसरलीस का? पोराची आई लई चोखंदळ बाई हाय. दारात गाडी आली की आधी गाडीभवती फेरी मारती, मंग पावण्यांना पानी इचारती."

मंगलचे कान तापले. कुणी तोंडावर चापट मारली असती तरी इतकं लागलं नसतं. आपण? गाडीभवती फेरी? त्या मेल्या धर्माजीनं इकडं हे सांगितलं आणि तिकडं ते! दोन्ही घरांना एकाच भाच्याच्या दारात आणून उभं केलं, आणि वर घोळ असा घातला की दोघांनाही गुरुवारच दिला. तिला तिथंच उठून बोंब ठोकावीशी वाटली. पण पोरगी काय म्हणते ते ऐकायची उत्सुकता रागापेक्षा मोठी निघाली.

श्रेयानं कव्हर हातात घेऊन नीट पाहिलं. बापाला चारचौघांत गप्प बसवणाऱ्या मुली मंगलनं पाहिल्या होत्या, आणि मान खाली घालून बापाचं सगळं मुकाट ऐकणाऱ्याही. ही दोन्हींतली नव्हती.

"चांगलं हाय आप्पा, मलाबी आवडलं," ती म्हणाली. "पैसे मोकळे असते तर मीच म्हनले असते, घाला म्हनून. पन हे बटाट्याच्या बियान्याचे हायेत. रान तयार करून ठेवलंय आपण."

"बियान्याचं बघू पुढल्या हप्त्यात. तुझं जुळणं म्हत्त्वाचं."

"आन कव्हर बघून जुळलं तर?" तिनं आवाज चढवला नाही, उलट बापाच्या दंडाला धरून जरा बाजूला घेतलं, ते नेमकं मंगलच्या आणखी जवळ. "कव्हर बघून जे हो म्हनतील, त्यांना जन्मभर कव्हरच दाखवत बसायला लागंल आप्पा. तुमी किती वर्सं दाखवनार? मी किती?"

भगवंत टोपी काढून डोकं खाजवू लागला.

"आन त्या बाईंचं म्हनाल," श्रेया पुढं म्हणाली, "तर मला न्हाई पटत ते. ज्या घरातला पोरगा मातीत रोपं करतो, त्याची आई अशी कशी आसंल? न बघता त्यांना नावंबी ठेवायची आन त्यांच्यासाठी खर्चबी करायचा, हे कुठलं? मला तरी त्या बऱ्या वाटत्यात."

मंगलला एकदम गलबलून आलं. आपण या पोरीच्या माणसांना गाडी बघणारी ठरवलं, घरच्यांपुढं दहादा बोलून दाखवलं. आणि ही, आपलं तोंडही न पाहिलेली पोर, आपली बाजू घेऊन बापाशी भांडते. आजवर तिला एकच भीती होती, लोक आपल्या पोराला नाही म्हणतील. आज पहिल्यांदा तिला हीच सून हवी झाली, दुसरी कुणी नको. आणि त्याबरोबर ती जास्तच घाबरली. आता बोललो तर आपणही त्याच कामाला इथं आलोय हे उघडं पडणार. बाप ओशाळणार, ठरलेली सगळी रीत विस्कटणार, कदाचित स्थळही हातचं जाणार. गप्प बसलो तर रविवार सुखरूप पार पडेल. दोन चकाकत्या गाड्या, दोन हसरी घरं, आणि महाळुंग्याला एक रिकामं रान.

"हौस म्हनून तरी घालू गं," भगवंत म्हणाला. खरं तर तो हरला होता, पण बापाचं काळीज हट्टाला पेटलं होतं. त्यानं बंडीच्या आतल्या खिशात हात घातला.

मंगल उठली.

"पावणं, पैसे आत ठेवा," ती म्हणाली. "त्या पोराच्या आईला मी चांगली वळखते. ती गाडीभवती फेरी मारत न्हाई."

भगवंतनं वळून पाहिलं. "तुमी कोन म्हनायच्या, ताई?"

"मीच ती."

भगवंतनं खिशातला हात तसाच ठेवून दुसऱ्यानं नमस्कार करायचा प्रयत्न केला. धर्माजीचा भाचा काउंटरमागं खाली वाकून काहीतरी शोधू लागला. मंगलनं आता मागं हटायचं नाही असं ठरवलंच होतं. तिनं आतल्या गाडीकडं बोट केलं.

"ती आमची गाडी. मला सांगितलं, तुमी मानसं आधी गाडी बघता. म्हनून पोराच्या नेटचे पैसे घेऊन आले मी हितं. तुमी तुमच्या बियान्याचे आनले. आपल्यात थोरलं शानं कोन, ते तुमीच सांगा."

श्रेया गाडीपाशी गेली, उघड्या स्पंजाकडं वाकून पाहिलं आणि खळाळून हसली. त्या हसण्यात टर नव्हती, म्हणून मंगललाही हसू फुटलं. आणि बायका हसल्यावर भगवंतचा जीव भांड्यात पडला.

"काकू, पैसे दिले का तुमी?"

"न्हाई अजून."

"मग नका देऊ."

तेवढ्यात सार्थक परतला. आईशेजारी उभ्या असलेल्या मुलीला त्यानं फोटोवरून ओळखलं आणि दारातच खिळला. काय झालं ते मंगलनं दोन वाक्यांत सांगितलं, स्वतःला सांभाळून न घेता. मग भगवंतकडं वळून म्हणाली, "आता रविवार कशाला? घर जवळ हाय, आत्ताच चला. भांडी पडल्यात, आंगनात शेन तसंच हाय, ह्यांच्या आंगात बनियनसुदीक धड नसंल. जसं हाय तसं बघा."

पोरीनं स्वतः घर बघायला जायचं, तेही न ठरवता, हे भगवंतला अवघड वाटलं. त्यानं लेकीकडं पाहिलं. तिनं गाडीची किल्ली त्याच्यासमोर धरली.

मळ्यावर रामनाथ खरोखरच बनियनवर होता, हातात वैरण. त्याची त्रेधा उडाली ती उडालीच. मंगलनं काही लपवलं नाही, काही आवरलं नाही. चूल-भांडी, गोठा, सडक्या कांद्याची चाळ, सगळं भगवंतला दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांपुढं तिला हलकं वाटत होतं. चहा टाकून तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. सार्थक फाटक्या नेटखाली उभा राहून काहीतरी सांगत होता आणि श्रेया ऐकत होती. मग वाऱ्यानं नेटची एक झालर उडाली, तशी तिनं ती न सांगता धरली आणि ओढून उभी राहिली. सार्थकनं धावत जाऊन दुसरं टोक बांधलं. मंगल चहा विसरून बघतच राहिली. पोर नव्हे, सोनं होतं ते. आपल्या घरात ते यावं एवढं आपण काय केलंय, असं तिला मनापासून वाटलं.

चहा झाला. भगवंत उठला आणि रीतीप्रमाणं म्हणाला, "बरं मंग, धर्माजीकडून कळवतो."

कळवतो म्हणून उठलेल्या माणसांनी त्या घराला आजवर कधीच कळवलं नव्हतं.

"आप्पा," श्रेया उंबऱ्यातून म्हणाली. चेहरा लालबुंद झाला होता, पण नजर सरळ होती. "धर्माजीकाका दोन्हीकडं वेगळंच सांगत्यात. मला पसंत हाय. सार्थकनाबी हाय, मी इचारलं. इथंच सांगा ना."

भगवंतनं रामनाथच्या गळ्यात हात टाकला. मंगलनं कमरेची पैशांची पिशवी सोडली आणि सगळीच्या सगळी सार्थकच्या हातात दिली.

"दुकान उघडं हाय तवर जा," ती म्हणाली. "आन माप हिला इचारून घे. नेट आता हिचंबी हाय."