ठकीची भाषा

आबांनी सिगारेट सोडली खरी, पण हाताला कोण समजावणार? सोफ्यावर कापड चढवता चढवता तलफ आली, की हात आपोआप शर्टाच्या रिकाम्या खिशाकडे जायचा, दोनदा थोपटायचा आणि हिरमुसून परत यायचा. मग आबा बिस्किटावर भागवायचे.

नातीला सगळे ठकी म्हणत. दोन वर्षांची झाली तरी तोंडातून एक शब्द नाही. आई कामावर गेली, की ती आबांच्या कारखान्यात चिंध्यांच्या ढिगात खेळायची. एकदा आबांकडे बघत तिनेही छातीवर दोनदा थोपटलं. आबांनी गंमत म्हणून बिस्कीट दिलं. झालं! थोपटून दाराकडे बोट म्हणजे बाहेर चल, थोपटून कानाला हात म्हणजे गाणं म्हण.

"अगं, चांगली घडाघडा बोलते ती," आबांनी लेकीला सांगितलं.

"बाबा, शब्द कुठे आहेत पण?"

"हिला हवं ते मला कळतं. भाषा म्हणजे आणखी काय असतं?"

"मग तुमच्या तलफेलाही भाषाच म्हणा!" लेक हसली, पण चेहरा उतरलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी आबांचा जुना दोस्त, सुतार, सोफ्याचा सांगाडा घेऊन आला. टेकल्या टेकल्या त्याने सिगारेटचं पाकीट पुढे केलं.

"घे रे! एकीने काय होतंय?"

आबांचा हात खिशावर गेला. दोनदा थोपटलं. आता पाकिटाकडे वळणार, तोच ठकी चिंध्यांतून धडपडत उठली आणि अर्धं चघळलेलं, ओलंगच्च बिस्कीट तिने आबांपुढे धरलं.

"घे!"

सुतार पाकीट धरून तसाच राहिला. "ही बोलली?"

"बोलली!" आबांनी ते बिस्कीट खाल्लं. डोळे भरून आले होते. "मला वाटायचं, माणूस पहिल्यांदा तोंड उघडतो ते मागायलाच. ही तर द्यायला बोलली रे! कुणी सांगावं, अगदी पहिला माणूससुद्धा..."

"ते राहू दे! तिला परत बोलायला लाव आधी."

लावायची गरजच नव्हती. ठकी सुटलीच. सुताराला स्पंजचा तुकडा, मांजरीला दोऱ्याचं रीळ, "घे! घे!" संध्याकाळी आई दारात उभी राहिली, तर हिने पायातला बूट उपसून तिच्या हातात कोंबला.

"घे!"

आई मटकन खाली बसली. हसता हसता तिला रडू कोसळलं, तोवर दुसराही बूट आला.