पल्लवीची रक्तवाढीची गोळी

मलिका, आधी तो फोन बाजूला ठेव आणि नुसतं ऐक. मधे बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्यानं पुढं सांगवणार नाही.

आमच्या दवाखान्यात रुपालीताई आहे ना, वयात आलेल्या पोरापोरींशी बोलायला नेमलेली, समुपदेशक. नऊ वर्षं झाली, अजून कंत्राटावरच. एक्स-रेशेजारी तिची खोली, दोन खुर्च्या, एक टेबल. मी सहा महिन्यांपूर्वी तिच्या हाताखाली लागले आणि पहिल्या दिवशी तिनं मला काय शिकवलं असेल? गाडी कुठं लावायची ते. खरंच. कुठल्या मुलीच्या घरी जायचं असलं की ही स्वतःच्या स्कूटीवर जाते, गावाबाहेर दूध डेअरीपाशी ती लावते, गळ्यातलं ओळखपत्र पर्समध्ये टाकते आणि चालत निघते. कुणी विचारलंच तर बचतगटाचं काम आहे म्हणते. मी हसले. म्हटलं, "ताई, आपण काय चोरी करायला चाललोय का?"

"पोरीच्या दारात दवाखान्याची गाडी थांबली ना शिफा, की तिचं नाव गेलं," ती म्हणाली. "लोकांना पोरींचे दोनच आजार माहीत आहेत. एक पोटातला, एक डोक्यातला."

हे मला पाठ होतं गं. तरी मी केलं.

पल्लवी, दहावीची. बेलापूरच्या अलीकडचं गाव. दर मंगळवारी ताईकडं यायची, घरी सांगायची क्लासला जाते. तिला काय झालं होतं म्हणशील तर काहीच नाही, आणि तेच तिला सांगता येत नव्हतं. कुणी मारत नव्हतं, कुणा पोराची भानगड नव्हती. झोप लागायची नाही, जेवण जायचं नाही. एकदा म्हणाली, "सकाळी जाग आली की वाईट वाटतं, का आली म्हणून." ताईला तिला नगरच्या मोठ्या डॉक्टरांकडं न्यायचं होतं. पण आईला कधी सांगायचं ते पल्लवीनं ठरवायचं, असा शब्द दिला होता. "दिवाळीनंतर सांगू" एवढं म्हणायला त्या पोरीला तीन महिने लागले.

आणि मग ती दोन मंगळवार आलीच नाही. तिसऱ्या मंगळवारी ताई नगरला ट्रेनिंगला, फोन बंद. माझ्या डोक्यात ते सकाळचं वाक्य फिरायला लागलं. आमच्या दवाखान्याची शाळा तपासणीची गाडी त्याच बाजूला निघाली होती. ड्रायव्हर फैयाजभाई म्हणाले, "चल की, वाटेतच सोडतो." बसले. भला माणूस, अगदी दारात नेऊन उभी केली, वर हॉर्नही वाजवला.

पल्लवी कांदे लावायला गेली होती. बस, एवढंच. लागवड चालू होती म्हणून दोन आठवडे शाळा नाही, क्लास नाही.

आई बाहेर आली. मी काय बोलावं? "पल्लवी बरी आहे ना? दवाखान्यात आली नाही म्हणून बघायला आले."

समोर नळावर चार बाया. त्यातली एक हंडा तसाच ठेवून म्हणाली, "आगं बया, कवापासून जाती ही दवाखान्यात?"

आठ दिवसांनी आई तिला घेऊन आमच्या खोलीत. पोरगी मागं उभी, खाली बघत.

"म्याडम, गावात लई बोभाटा झालाय. तिची चुलती म्हनती पोरगी पोट पाडून मोकळी होऊन आली. दुसरी म्हनती डोक्यात फरक हाय. ह्यांनी शाळा बंद केली. आता एक कागद द्या. रगत कमी हुतं म्हनून गाडी आल्ती, बाकी पोरीला काय न्हाई, असं लिवा. मंग शाळेत धाडत्यात. पन हितं परत न्हाई यायचं तिनं."

"अहो, तिला खरंच बरं नाही," रुपालीताई म्हणाली. "नगरला डॉक्टर आहेत. मी स्वतः येते बरोबर."

"काय कमी हाय ओ तिला? दोन टाईम जेवती, मोबाईल हाय. तुमीच बोलून बोलून याडं केलं तिला."

ताई पल्लवीकडं वळली आणि म्हणाली, "तू सांग."

"लिहा ताई," पल्लवी म्हणाली. "निदान शाळेत तरी येते."

ताईनं लिहिलं, डॉक्टरांची सही आणली. फोनवर बोलायच्या सरकारी मदतीचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून पल्लवीला दिला, तर आईनं ती चिठ्ठी तिच्या हातातून घेतली आणि टेबलावर परत ठेवली. रागानं नाही गं, आपण दुकानात नको असलेली वस्तू ठेवतो तशी.

ताई मला रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नोंदवही काढली आणि पल्लवीपुढं लिहिलं, 'पाठपुरावा चालू'. मी म्हटलं, "ताई, ती येणार नाही आता."

"आपण जाऊ की शाळेत," ती म्हणाली, आणि पुढच्या पोराला आत बोलावलं.

काल गेलो. सोमवारी तिथं सगळ्या मुलींना रक्तवाढीच्या गोळ्या देतात. तो कागद आता वर्गशिक्षकांकडं आहे, म्हणून पल्लवीला सगळ्यांच्या आधी हाक मारतात. सबंध गावाला पटलंय, पोरीला रक्तच कमी होतं. ताईनं तिच्याशी बोलायचं नाही, अशी घरून ताकीद आहे, आणि बातमी न्यायला चुलतबहीण त्याच वर्गात. म्हणून गोळ्या मी वाटत होते, ताई खिडकीपाशी.

पल्लवीनं हात पुढं केला. मी गोळी ठेवली. तिनं मूठ मिटलीच नाही. हळूच म्हणाली, "ताई, सकाळचं अजून तसंच आहे."

मागं चुलतबहीण. सर म्हणतायत, चला, पुढं सरका. मी ताईकडं बघितलं, ती आमच्याकडंच बघत होती.

"पाणी पी त्याच्यावर." एवढंच निघालं गं माझ्या तोंडातून.

तिनं गोळी गिळली आणि बाकावर जाऊन बसली. मलिका, तू तिथं असतीस तर काय केलं असतंस?